शॅमॉयच्या शिकारीची तालीम: दम्माम ते फैफा, तांब्याच्या पाइपसह

अर्जातला नववा प्रश्न असा होता: "पाठीवर सामान आणि खांद्यावर बंदूक घेऊन तुम्ही एका दिवसात आठशे मीटर चढून परत उतरू शकता का? कृपया खरं लिहा. डोंगरावर ते कळतंच."

दहावा प्रश्न: "गुडघ्यांचा काही त्रास?"

अर्ज रोमानियातल्या मिहाई नावाच्या शिकारी वाटाड्याचा होता. तो भरायचा होता माझ्या अब्बांसाठी आणि त्यांचे कफील, म्हणजे इथे व्हिसा देऊन कामावर ठेवणारे मालक, अबू नासेर यांच्यासाठी. भरणार मी, कारण दम्माममधल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे आणि आमच्या घरात व अबू नासेर यांच्या वर्कशॉपात मिळून इंग्रजी पत्र लिहिणारी मी एकटीच. अब्बा माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा उजवा गुडघा जिना उतरताना सुपारी फोडल्यासारखा वाजतो. ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, शेजाऱ्यांनाही.

"लिही, काही त्रास नाही," अब्बा म्हणाले.

मी लिहिलं, ‘नाही’. पण पाठवायचं बटण दाबवेना. अर्ज ड्राफ्टमध्ये गेला.

याला जबाबदार अम्मा. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही अल खर्जला राहत होतो. तिथल्या डेअरी फार्मवर दूध थंड करायच्या यंत्रांची देखभाल अबू नासेर यांच्याकडे होती, म्हणजे अब्बांकडे. जवळपास भारतीय शाळा नव्हती. अम्माने रत्नागिरीहून पुस्तकं आणून मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. तिच्या शाळेत खोडरबराला बंदी होती. उत्तर चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर उत्तर लिहायचं. चूक दिसत राहिली पाहिजे. तेव्हापासून माझ्या सगळ्या चुका मला दिसतच राहतात.

आता शिकारीचं. अबू नासेर यांच्या चुलतभावाच्या दिवाणखान्यात शॅमॉयची शिंगं टांगलेली आहेत. शॅमॉय म्हणजे युरोपातल्या उंच डोंगरांत, कड्याकपारींवर राहणारं शेळीएवढं जनावर. काळी, टोकाला आकड्यासारखी वळलेली शिंगं. मी अब्बांना फोटो दाखवला.

"म्हणजे शेळीच की गो," अब्बा म्हणाले.

"कड्यावर राहते."

"मग हट्टी शेळी."

अबू नासेर यांनी आयुष्यात डोंगरावर शिकार केलेली नाही. शिकार म्हणजे वाळवंट, गाडी आणि गाडीतला एसी, एवढाच त्यांचा अनुभव. पण त्यांनी ठरवलं, आणि ठरवताना अब्बांनाही जोडून घेतलं. "मुअल्लिम, तीस वर्षं तू शीतगृहांत काढलीस. थंडी तुला माहीत आहे. तू चल," असं त्यांचं म्हणणं. मुअल्लिम म्हणजे कसबी कारागीर. अब्बांना ते नावाने क्वचितच हाक मारतात. वर्षअखेरीला अब्बांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपतोय. मग फायनल एक्झिट आणि कायमचं रत्नागिरी. ही शिकार म्हणजे निरोपाची भेट आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

अब्बा तीस वर्षांत कामाव्यतिरिक्त कुठल्याही परदेशात गेलेले नाहीत. त्यांनी गुपचूप लोकरी टोपी घेतली होती आणि ती कपाटात अम्माच्या साड्यांखाली ठेवली होती. मी दहाव्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिलं तर ती टोपी तिथेच राहणार होती. खोटं लिहिलं तर अब्बा गुडघ्यासकट कड्यावर.

त्यात माझी आणखी एक काळजी. बिस्मिल्ला म्हणून गोळी झाडली तर शिकार हलाल, पण उंचावरून पडून मेलेलं जनावर चालत नाही. आणि शॅमॉय तर उभंच कड्यावर! गोळी लागल्यावर ते खाली पडलं, तर मेलं कशाने? मी मिहाईला ईमेल लिहिला: कृपया सपाट जमिनीवर उभं असलेलं जनावर निवडता येईल का?

उत्तर एका ओळीचं आलं. "कुठे उभं राहायचं ते शॅमॉय ठरवतं, मॅडम."

शेवटी मीच तोडगा काढला. "आधी तालीम करू. सौदीतल्याच डोंगरावर चढून बघू. जे दिसेल ते अर्जात लिहीन."

अब्बांनी अबू नासेर यांना विचारलं. ते म्हणाले, "यल्ला." त्यांच्या तोंडून यल्ला निघालं की चर्चा खलास. जागा ठरली फैफा: नैर्ऋत्येला, जिझानच्या मागे, येमेनच्या सीमेला लागून असलेले उभे डोंगर. अर्ज पाठवायला दहा दिवस उरले होते.

पहिला दिवस: दम्माम ते अल खर्ज

सकाळी साडेसहाला निघालो. पुढे अबू नासेर त्यांच्या मोठ्या जीपमध्ये एकटे, मागे आमच्या जुन्या सेडानमध्ये अब्बा, अम्मा आणि मी. रियाधपर्यंत रस्ता उत्तम आहे, फक्त उंटांच्या पाट्यांना गंमत समजू नका. पेट्रोल दम्माममध्येच भरून घ्या, पंप पुष्कळ असले तरी त्यांची स्वच्छतागृहं सारखी नसतात.

सामानाबद्दल सांगायला हवं. पाठीवरचं वजन म्हणून दोन सॅकमध्ये पाच-पाच किलो तांदूळ भरला होता. बंदुकीचा प्रश्न अवघड होता. इथे परवान्याशिवाय शिकार गुन्हा आहे आणि आम्हाला काही मारायचंही नव्हतं, फक्त वजन हवं होतं. अब्बांनी वर्कशॉपातून तांब्याचा जाड पाइप आणला, बंदुकीच्या लांबीचा कापला, वजन करून आत थोडं शिसं ओतलं आणि वरून यंत्रांच्या नळ्यांना गुंडाळतात तो काळा फोम गुंडाळला. खांद्याला लावायला पट्टाही बसवला. अब्बांचं काम कधी अर्धवट नसतं.

अम्माने वाटण आणलं होतं. सुकं खोबरं, धणे, मिरी, दगडफूल, सगळं भाजून.

"अम्मा, आत्ता फक्त तालीम आहे. शिकार नोव्हेंबरात."

"मग मसाल्याची तालीम नको?" अम्मा म्हणाली. "त्या हट्टी शेळीचं मटण शिजायला किती वेळ घेईल, कुणाला माहीत."

अल खर्जला दुपारी आमच्या जुन्या फार्मच्या फाटकाबाहेर थांबून थंडगार लबान, म्हणजे इथलं ताक, प्यायलो. आमची खोली होती तिथे आता ट्रक उभे राहतात. अम्मा म्हणाली, "ह्या टायरापाशी तू भागाकार शिकलीस." टायर बघून मला उगाचच बाकी शून्य आहे का ते तपासावंसं वाटलं.

दुसरा आणि तिसरा दिवस: वादी अद दवासिर, अबहा, मग खाली

दुसरा दिवस सरळ रस्त्याचा. इतका सरळ की स्टिअरिंग नसतं तरी चाललं असतं, असं अब्बा म्हणाले आणि अम्माने त्यांना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला लावले. वादी अद दवासिरला रस्त्याकडेच्या फर्निश्ड अपार्टमेंटमध्ये राहिलो. कुटुंबासाठी हीच सोय बरी. हॉटेलपेक्षा स्वस्त आणि स्वयंपाकघर असतं. चादरी मात्र आपल्या न्या.

तिसऱ्या दिवशी अबहाच्या अलीकडे हवा एकदम गार झाली. अबहाहून समुद्राकडे उतरणारा घाट बोगद्यांचा आणि वळणांचा आहे. उतरताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर बसू नका. वाटेत कठड्यांवर माकडं बसलेली असतात, चांगली दांडगी, मानेभोवती करड्या केसांची शाल पांघरलेली. खिडकी उघडू नका अशी पाटी होती. मी ती मोठ्याने वाचली. अबू नासेर पुढच्या वळणावर खजूर देण्यासाठी जीपचा दरवाजाच उघडून उभे होते.

माकडाने खजूर घेतले नाहीत. ते त्यांच्या बगलेखालून आत गेलं आणि सीटवरची पिशवी घेऊन कठड्यावर बसलं. पिशवी आमच्या अम्माची, आमच्या डिकीत जागा नाही म्हणून जीपमध्ये ठेवलेली. माकडाने वाटण हुंगलं, चाखलं, तीन वेळा शिंकलं आणि डबा दरीत भिरकावून दिला.

अम्मा गाडीतूनच म्हणाली, "चव नाही मेल्याला."

अबू नासेर खाली बघत म्हणाले, "उम्म सुमैया, मी नवीन मिक्सर देतो." (सुमैया मी; उम्म म्हणजे आई.)

"मिक्सर नको म्हणावं त्यांना," अम्मा अब्बांना म्हणाली. "पाटा आहे का विचारा."

चौथा दिवस: चौकी आणि फैफा

जिझानहून फैफाकडे जाताना चौक्या लागतात. सीमेचा भाग आहे, त्यामुळे इकाम्याची मूळ प्रत जवळ हवीच, आणि निघण्यापूर्वी रस्ता खुला आहे का ते स्थानिकांना विचारून घ्या. पहिल्या चौकीवर तरुण शिपायाने आमची डिकी उघडायला सांगितली. त्याचा हात काळ्या फोमच्या लांबोळक्यावर थांबला. पट्ट्यासकट.

"हे काय?"

अब्बा म्हणाले, "पाइप."

तेवढ्यावर निभावलं असतं. पण मला वाटलं, अर्धं सांगणं म्हणजे लपवणंच. मी मागच्या सीटवरून अरबीत म्हणाले, "ती बंदूक नाही. पण बंदुकीसारखी केलेली आहे. वजनही तेवढंच आहे. आत शिसं आहे."

अब्बांनी डोळे मिटले.

पुढची वीस मिनिटं आम्ही चौकीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होतो. फोम सोलला गेला. पाइपातून एक डोळा लावून पलीकडे बघायचा प्रयत्न झाला. शिशामुळे काही दिसलं नाही. तेवढ्यात पुढे गेलेले अबू नासेर परत आले आणि त्यांनी सगळं सांगितलं: रोमानिया, शॅमॉय, आठशे मीटर, अर्ज. शिपायाचा साहेब म्हणजे मिशा पिकलेला एक गृहस्थ होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तू अर्जात खरं लिहिणार आहेस?"

"हो."

"मग ह्यांचं अवघड आहे," असं म्हणून त्याने अब्बांकडे आणि अबू नासेर यांच्या पोटाकडे बघितलं आणि पाइप परत दिला. चहाही दिला.

गाडीत बसल्यावर अब्बा म्हणाले, "बाय, पाइप म्हटलं असतंस तर पुरे होतं गो."

"पण तो नुसता पाइप नव्हता."

"तू आणि तुझी अम्मा," अब्बा म्हणाले आणि गाडी चालू केली.

फैफाला जाणारा शेवटचा रस्ता इतका उभा आणि अरुंद आहे की आमची सेडान पायथ्याच्या बाजारात ठेवून सगळे जीपमध्ये बसलो. तुम्हीही तेच करा, किंवा तिथले लोक पिकअपमधून वर नेतात. दोन्ही बाजूंना दगडी बांधांची शेतं, एकावर एक, आणि त्यांत कॉफीची झुडपं. दगडी घरं गोल, बुरुजासारखी. अम्मा म्हणाली, "इथे भाताची खाचरं केली असती आपल्या लोकांनी."

वाटेतल्या एका वस्तीपासून वरच्या बांधापर्यंत जुन्या दगडी पायऱ्या होत्या. माझ्या फोनमधल्या उंची मोजणाऱ्या ॲपनुसार चारशे मीटरची चढण. म्हणजे निम्मीच. निम्म्याचं उत्तर दुप्पट करता येतं का, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. वस्तीतले यह्या नावाचे म्हातारे गृहस्थ, डोक्याला रानफुलांचा गजरा बांधलेले, आपल्या शेळ्या घेऊन वर निघाले होते. त्यांनी सोबत यायचं कबूल केलं. अम्मा खाली त्यांच्या घरच्या बायकांकडे गेली. पाटा सापडतोय का बघायला.

चढण सुरू झाली. पाइप अब्बांच्या खांद्यावर, तांदूळ दोघांच्या पाठीवर, मी मागे वही घेऊन. पहिले शंभर मीटर अबू नासेर पुढे. दीडशेला ते एका बांधावर बसले. दोनशेला त्यांनी आपले तांदूळ यह्यांच्या शेळीला खायला द्यायची तयारी दाखवली. अब्बा मात्र चढत होते. हळू, पण न थांबता, कोकणातला माणूस घाटी चढतो तसे, पुढे वाकून, बोलणं बंद.

थांबलेल्या वेळात मी यह्यांना माझी काळजी विचारली. "चाचा, शेळी बांधावरून पडून मेली, तर तुम्ही काय करता?"

"माझ्या शेळ्या पडत नाहीत, पोरी," यह्या म्हणाले. "शहरातले पाहुणे पडतात."

साडेतीन तासांनी आम्ही वरच्या बांधावर पोचलो. अबू नासेर यांचा चेहरा डाळिंबासारखा झाला होता. आणि तेवढ्यात खालून धुकं आलं. दरी, घरं, जीप सगळं झाकलं गेलं. हवा बोचरी गार झाली. अब्बांनी सॅकमधून ती लोकरी टोपी काढली आणि डोक्यावर चढवली. अम्मा खाली होती, म्हणून.

"अब्बा, तुम्हाला खरंच ते जनावर मारायचं आहे?" मी विचारलं.

"मला कशाला मारायचंय? शिंगं त्यांना हवीत." त्यांनी तळहात धुक्यात धरला. "तीस वर्षं मी थंडी बनवली बाय. रमजानमध्ये, ईदला, कधीही फोन यायचा, मुअल्लिम, थंडी बंद पडली. मला एकदा अशी थंडी बघायची आहे, जी बंद पडली तरी मला फोन येणार नाही."

मी ते वहीत लिहिलं नाही. त्याला अर्जात रकाना नव्हता.

उतरण सुरू झाली आणि पाचव्या पायरीवर सुपारी फुटल्याचा आवाज आला. अब्बा थांबले. आणखी एक पायरी. पुन्हा आवाज. अब्बांचा चेहरा पांढरा पडला. बांधाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे." मग कुणी विचारलं नसताना पुन्हा म्हणाले, "ठीक आहे." अजून जवळजवळ चारशे मीटर उरले होते. मी वही मिटली. अर्ज तिथेच संपला असं मला वाटलं, आणि रडायला येऊ लागलं. ते धुकं आहे असं मी भासवलं, जे खोटंच होतं.

मग अब्बा वळले. तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे. हात वरच्या पायरीवर ठेवून त्यांनी एक पाय मागे, खाली टाकला. दुसरा टाकला. आवाज नाही.

"काय करताय?" मी ओरडलेच.

"शिडी उतरतोय," अब्बा म्हणाले. शीतगृहात शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडेच ठेवायचं, हा त्यांच्या वर्कशॉपातला पहिला नियम. नव्या कामगाराला ते पाना हातात देण्याआधी हेच शिकवतात. असं उतरताना गुडघा वाकतो कमी, भार हातांवर येतो.

अबू नासेर खाली दोन पायऱ्या जाऊन उभे राहिले. उतरताना त्यांचा श्वास परत आला होता. त्यांनी अब्बांची सॅक आपल्या पोटावर अडकवली, पाइप गळ्यात घातला आणि सांगू लागले: "डावा पाय. थोडा खाली. बस. आता उजवा. दगड हलतोय, थांब. हां." सुरुवातीच्या वर्षांत वर्कशॉपात हे दोघंच होते, हे मला ऐकून माहीत होतं. अब्बा शिडीवर आणि अबू नासेर शिडी धरून खाली.

"तेव्हा तू एकदा चहा प्यायला गेला होतास," अब्बा डोंगराला म्हणाले.

"दोन मिनिटं!" खालून अबू नासेर.

"मी छताला लटकत होतो."

"तीस वर्षांत एकदा गेलो. डावा पाय. किती वेळा सांगणार आहेस?"

यह्या शेळ्या थांबवून हे बघत होते. मला म्हणाले, "ह्या डोंगरावर लोकांना जन्मापासून उतरताना बघतोय. उलटं उतरणारा हा पहिला." मग म्हणाले, "पण पडणार नाही."

खाली अम्माला पाटा नाही, पण दगडी भांडं मिळालं होतं. त्यात यह्यांच्या घरच्यांनी मटण आणि भाज्यांचा मघश शिजवला होता. जिझानकडे गेलात तर तो खाल्ल्याशिवाय येऊ नका, आणि केळं, रोटी, तूप, मध एकत्र कुस्करलेला मर्सा नंतर खा, आधी खाल्लात तर जेवण संपलं. अम्माने अब्बांच्या डोक्यावरची टोपी बघितली.

"उबदार आहे का?" तिने विचारलं.

"आहे," अब्बा म्हणाले.

"मी दोन महिन्यांपूर्वीच घालून बघितली होती," अम्मा म्हणाली.

परत दम्माम

परतीचे तीन दिवस तेच रस्ते. फक्त माकडांच्या घाटात अबू नासेर यांनी सगळ्या काचा वर केल्या आणि कुलूपही लावलं.

घरी आल्यावर मी ड्राफ्ट उघडला. अब्बा मागे येऊन उभे राहिले नाहीत. बाहेर वर्तमानपत्र वाचत होते, बराच वेळ एकच पान. मी नववा प्रश्न भरला (दाऊद म्हणजे अब्बा): "चढणं: श्री. दाऊद, हळू पण न थांबता. अबू नासेर, थांबत थांबत. उतरणं: अबू नासेर, व्यवस्थित. श्री. दाऊद, फक्त उलटं, खाली एक माणूस असेल तर." दहाव्यात लिहिलं: "उजव्या गुडघ्याला त्रास आहे. याआधी मी इथे ‘नाही’ लिहिलं होतं, ते चूक होतं." मिहाईने ते आधीचं उत्तर कधी पाहिलंच नव्हतं. पण ऑनलाइन अर्जात आडवी रेघ मारता येत नाही, मग काय करणार?

पाठवला. कपाटातली टोपी पुन्हा साड्यांखाली गेली होती.

तिसऱ्या दिवशी मिहाईचं उत्तर आलं. ते मी जेवणाच्या टेबलावर मराठीत वाचून दाखवलं: "मॅडम, मला सगळे ‘अतिशय तंदुरुस्त’ असंच लिहितात, मग मी त्यांना पाठीवर घेऊन उतरतो. तुमच्या लोकांना मी कड्यावर नेणार नाही. नोव्हेंबरात शॅमॉय खालच्या कुरणाकडेही उतरतात. तिथे मचाण आहे, गाडी जवळपर्यंत जाते. कुरण सपाट आहे, पडायला जागा नाही, तेव्हा तुमच्या पहिल्या पत्राचंही उत्तर यात आलं. मचाणाला बारा पायऱ्यांची शिडी आहे. वडिलांना सांगा, ते बरोबर उतरतात. बर्फ असेल."

अब्बांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

आता तुम्ही कुणी असा बेत आखत असाल तर माझ्याकडे सल्ले फार नाहीत. फैफाला थंडीत जा, बूट चांगले घाला, चौकीवर विचारलं तेवढंच सांगा, निदान अब्बांचं तरी असं मत आहे. माझं अजून ठरलेलं नाही.

वर्कशॉपात हल्ली दुपारच्या सुट्टीत सराव चालतो. अब्बा शिडीवर, अबू नासेर शिडी धरून. चहा त्यांनी तिथेच मागवायला सुरुवात केली आहे. मी परवा जाऊन बघून आले. तिथल्या शिडीला अकराच पायऱ्या आहेत, दोनदा मोजल्या. एका पायरीचा सराव राहणार, हे मिहाईला आधीच कळवून ठेवलं आहे.